लाकडाची विहीर

७ मार्च, शनिवार. सकाळची भांडी मशीनमध्ये लावली आणि उरलेली सबटायटल्स लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता आमच्या फिल्म क्लबात माझ्या वाट्याचा चित्रपट दाखवायचा होता, आणि शेवटची चाळीस मिनिटं अजून इंग्रजीत यायची होती.

क्लब म्हणजे मलिंगार या आयरिश गावातली पंचवीस-तीस माणसं, बहुतेक निवृत्त, आणि चर्चमागचा एक हॉल. अध्यक्ष पूर्वी पोस्टमन होते. दर हिवाळ्यात ते एक जुनं वर्ष ठरवतात. त्या एका वर्षातले पाच चित्रपट आम्ही पाहतो आणि शेवटी चिठ्ठ्या टाकून त्यातला सर्वोत्तम निवडतो. त्यांचं म्हणणं, "जगातला सर्वोत्तम कोणता म्हटलं की भांडणं होतात. एका वर्षातला म्हटलं की निदान सगळ्यांनी सगळे पाहिलेले असतात." मला हे पटतं. मी खरेदी विभागात काम करते. तुलना करायची तर एकाच यादीतल्या वस्तूंची करावी.

यंदाचं वर्ष होतं १९५८. तीन चित्रपट झाले होते. फिनलंडचा एक, त्यात दोन भाऊ बापाची होडी विकायची की नाही यावर दीड तास एकमेकांशी बोलत नाहीत. अमेरिकेचा एक विनोदी, त्यात स्टेशनवर अदलाबदल झालेल्या हॅटमुळे लग्न मोडायची वेळ येते. आणि इथलाच एक, बेटावर बदली झालेल्या शिक्षिकेचा. तिन्ही वेळा आई माझ्याबरोबर होती. ती कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि तिला इंग्रजी येत नाही. होडीचा चित्रपट तिला सगळ्यात आवडला. "दोघं भाऊ हायत, होडी बापाची हाय. कळाय आनि काय पायजे?" असं ती म्हणाली.

चौथा चित्रपट माझा. तो आईनेच सुचवला. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कोल्हापूरच्या एका स्टुडिओत सुतार होते. त्या वर्षी तिथे झालेला एक ग्रामीण कौटुंबिक चित्रपट तिने नऊ वर्षांची असताना तंबूत पाहिला होता, एकदाच. तो पुढे कधी परत लागला नाही. आजोबांनी देवळं केली, राजवाड्याचे जिने केले, रथ केले, हे आमच्या घरात सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलेलं आहे की कोणत्या चित्रपटात काय केलं हे मी कधी लक्षात ठेवलं नव्हतं. मी निर्मात्याच्या नातवाला शोधून काढलं, ईमेल केल्या, परवानगी आणि फाईल मागवली. फाईल दोन तास बावीस मिनिटांची निघाली.

अडचण इथे होती. हॉल आम्हाला दोन ते सव्वाचार मिळतो. त्यानंतर सेट डान्सिंगचा, म्हणजे इथल्या जोड्यांच्या समूहनाचाचा, वर्ग असतो आणि त्या बाई चार वाजून दहा मिनिटांनीच दारात येऊन उभ्या राहतात. शिवाय मध्ये चहा आणि नंतर चर्चा. म्हणून मी सहाही गाणी काढून टाकली. सत्तावीस मिनिटं वाचली. चित्रपट एक तास पंचावन्नवर आला आणि गोष्ट कुठे तुटतही नव्हती.

खरं सांगायचं तर वेळ हे निम्मंच कारण होतं. मी इथे आल्यापासून तोच प्रश्न ऐकते आहे: तुमच्या चित्रपटांत माणसं मध्येच गायला का लागतात. ऑफिसात, शेजारी, मुलीच्या शाळेत. प्रत्येक वेळी हसून काहीतरी सांगायचा मला कंटाळा येतो. गाणी नसती तर कोणी विचारलं नसतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता सबटायटल्स संपली. तपासून घ्यावं म्हणून टीव्हीवर लावलं आणि आईला बोलावलं. ती शेंगांची टरफलं काढत बघत होती. पन्नासेक मिनिटं झाली. सून घागर घेऊन दाराबाहेर पडली आणि लगेच पुढच्या दृश्यात सासरे जेवायला बसले.

"हितं गाणं होतं," आई म्हणाली.

"काढलंय."

"का?"

"वेळ नाही. हॉल सव्वाचारला सोडायचाय. सगळीच काढलीत."

"सगळी?" तिने टरफलांचा कागद बाजूला ठेवला. "मग इहीर कुठाय?"

"कुठली विहीर?"

"गाण्यातली इहीर. सून आता काय घागर घिऊन शेजारणीकडं गेली काय?"

मी मूळ फाईल लावली. गाणं साडेचार मिनिटांचं होतं. गावाबाहेरची विहीर, चार बायका, मध्ये सून. दुसऱ्या कडव्यात ती काठावर ओणवी होऊन आत बघते. पाण्यात तिचा चेहरा दिसतो, मग पाणी हलतं आणि चेहरा मोडतो.

"थांबीव," आई म्हणाली. मी थांबवलं. "ही इहीर बाबानं केली. लाकडाची. वरनं गोणपाट आनि भुश्याचं प्लास्टर. आत पत्र्याचा टब. आनि पाणी हालतंय न्हवं, त्ये बाबाच हालवतोय. फळ्यांच्या खाली बसून टबाच्या बुडाला टिचक्या मारायचा. तीन दिस बसला. रोज भिजून घरला यायचा."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"धा येळा सांगितलंय. तू मोबाईल बघत असतीस." ती परत शेंगा सोलायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबाचा फोटू न्हाई आपल्याकडं. एवढंच हाय बघ."

पुढच्या शुक्रवारी तिचं परतीचं विमान होतं. ते पाणी हॉलमध्ये हललं नसतं तर ती मला रागावली नसती, पण ते मनात ठेवून परत गेली असती, आणि ते मला परवडणारं नव्हतं. मी अध्यक्षांना फोन लावला. गाणी कापली होती, ती परत घालायची आहेत, पंचवीस-तीस मिनिटं जास्त लागतील, असं सरळ सांगितलं.

"कापली कशाला?" त्यांनी विचारलं.

"लोक कंटाळतील म्हणून."

"त्या होडीवाल्यांनी दीड तास तोंड उघडलं नाही. आम्ही ती शांतता कापली का?" मग म्हणाले, हॉल अर्धा तास आधी मागून घेतो, दीडला सुरू करू, सगळ्यांना फोन मी करतो, ग्रँड. इथे 'ग्रँड' म्हणजे 'ठीक आहे, झालं'. पोस्टमनला घरोघर निरोप पोचवण्यात काही विशेष वाटत नसावं.

राहिली सहा गाण्यांची सबटायटल्स. मी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. आई ओट्यापाशी भाकरी थापत होती आणि अर्थ सांगत होती. मी शब्दशः करायला गेले की तिला लांबण वाटे.

"एवढं नगं लिवूस. माणसं बाईकडं बघतील का खाली वाचत बसतील? लिही, मालक अजून आला न्हाई. झालं."

"पुढच्या ओळीतही तेच आहे."

"मग पुढं काय लिवूच नगं. कळतंय की."

अशी सहा गाणी दीड तासात झाली. एवढ्या वेगाने मी एकटीने केली नसती.

रविवारी बावीस माणसं आली. दिवे मालवले. क्लबचा नियम असा, की ज्याचा चित्रपट त्याने आधी एक शब्द बोलायचा नाही. आई माझ्या शेजारी, पुढून दुसऱ्या रांगेत. पहिल्या गाण्याला मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. दुसऱ्याला एका आजींनी पायाने ठेका धरला. विहिरीचं गाणं तिसरं. मी पडद्याकडे न पाहता लोकांकडे पाहत होते. कोणी घड्याळ बघत नव्हतं. चेहरा मोडला तेव्हा आईने माझ्या दंडाला कोपर लावलं आणि अगदी हळू म्हणाली, "त्यो बघ."

मधल्या चहाच्या वेळी कपांसाठी मी प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडून उभी होते, तेव्हा दगडी कुंपणं बांधणारा एक शेतकरी माझ्यापाशी आला. साठीचा, अंगाने मोठा, क्लबात सहसा न बोलणारा.

"ती विहीर खोटी आहे," तो म्हणाला.

हे आईला सांगावं की नाही याचा मी क्षणभर विचार केला. पण ती माझ्याकडेच बघत होती, म्हणून सांगितलं.

"इचार त्याला, कशावरनं," ती म्हणाली.

त्याने बोटांवर मोजून दाखवलं. सगळे दगड एका मापाचे, असं नशीब कुणाला लाभत नाही. काठावर दोराची एकही घळ नाही. आणि घागर काठाला लागते तेव्हा पिंपासारखा आवाज येतो.

मी मराठीत सांगत गेले तशी आई हसायला लागली. "हुशार हाय गडी. बाबाला बी त्योच आवाज खुपायचा. स्टुडिओतला सायब म्हणला, गाण्यात झाकून जाईल. न्हाई झाकला बघ." मग तिने मला टबाचं, फळ्यांचं आणि टिचक्यांचं सांगायला लावलं.

त्याने कप खाली ठेवला. "पाण्याला मी फसलो," तो म्हणाला. "किती वेळ बसले होते खाली?"

"तीन दिवस."

"गुडघे गेले असतील."

"पाठ," आई म्हणाली, मी भाषांतर करायच्या आत. स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवून तो विचारत होता, त्यामुळे माझी गरज नव्हती. पुढची दहा मिनिटं दोघांनी गोणपाट, चुना आणि सांधे यांवर हातवाऱ्यांनी बोलणं केलं. गाणी का असतात, हे मला त्या दिवशी कोणी विचारलं नाही. एका बाईंनी एवढंच विचारलं की ते दुसरं, पायाने ठेका धरायला लावणारं गाणं कुठे मिळेल.

सर्वोत्तम कोणता ते पाचव्या चित्रपटानंतर, एप्रिलमध्ये ठरेल. माझ्या मते होडीवाला जिंकेल, आणि तो आमच्यापेक्षा चांगला आहे. आईचंही तेच मत आहे. "पण त्यात होडी खरी होती," असं ती म्हणते, "त्यात काय कसब?"

निघताना त्या शेतकऱ्याने सांगितलं होतं की त्याच्या रानात त्याच्या पणजोबांनी बांधलेली विहीर आहे, म्हातारीला ती बघायला घेऊन ये. सोमवारी सकाळी मी दोन तास उशिरा येते असं ऑफिसला कळवलं आणि आईला रबरी बूट घालून तिकडे घेऊन गेले. तिने चिखलातून विहिरीभोवती एक फेरी मारली, दगडांवर बोटं वाजवून पाहिली, मग काठाचा घेर वितीने मोजला. बावीस भरल्या.

"बाबाची मोठी होती," ती म्हणाली. शेजारी उभ्या शेतकऱ्यासाठी मी हे भाषांतरित केलं नाही. तिला घरी सोडलं आणि साडेदहाच्या मीटिंगला वेळेवर पोचले.