भाऊंच्या खिशातली पोलादी गोळी

गजाभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी मला ‘बसा’ म्हणायलाही अवसर दिला नाही. सदऱ्याच्या खिशातून बेअरिंगमधली एक पोलादी गोळी काढली आणि दिवाणखान्याच्या फरशीवर ठेवली. गोळी क्षणभर थांबली आणि निमूटपणे बाल्कनीकडे निघाली.

"उतार हाय," भाऊ म्हणाले. "ही बिल्डिंग हाय ना, हितं माझं शेत हुतं. शेत लेव्हलात हुतं. तुमच्या बिल्डरनं वाकडं केलं."

कर्वेनगरात आयुष्य काढून मी मुलाच्या आग्रहाखातर वाघोलीत आलो होतो. त्या दिवसापासून मला कपातला चहासुद्धा बाल्कनीकडे झुकलेला दिसू लागला.

भाऊंनी उभा जन्म बुलडोझरवर काढला होता. तो बुलडोझर आता त्यांच्या दारच्या कडुलिंबाखाली उभा असे. त्याला ते ‘म्हातारी’ म्हणत आणि बायकोला जे कधी विचारलं नसेल ते तिला विचारत. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. शिकलेल्या माणसाबद्दल मात्र त्यांना इतका आदर, की आमच्या वॉचमनने नुसतं इंग्रजी वर्तमानपत्र हातात धरलं तरी ते त्याला अहो-जाहो करायचे. गावातल्या पोरांना अभ्यासाला जागा नाही, म्हणून त्यांनी आपला उरलेला जमिनीचा तुकडा अभ्यासिकेला देऊन टाकला. अट एकच घातली, जोत्याची जागा म्हातारीच सपाट करणार.

भाऊंच्या पुतण्याने कपाळाला हात लावला. बांधकाम फुकटात करून देणारा कंत्राटदार म्हणाला, "सोमवारी माझा माणूस येईल. जागा लेव्हलला नसली, तर मी माझं मशीन आणीन." पुतण्याने लगेच जोडून दिलं, "मग म्हातारी भंगारात. पुन्हा रडायचं नाय, काका."

रविवारी सकाळी श्रमदानाला आमची सोसायटी लोटली. कोरे हातमोजे, कोऱ्या टोप्या, आणि पाच घमेल्यांमागे पंधरा फोटो. आयटीतला निखिल स्वयंघोषित प्रमुख होता. दोन गाड्यांच्या बॅटऱ्या लावून, नारळ फोडून आणि भाऊंनी तिच्या कानात काहीतरी पुटपुटून म्हातारी एकदाची सुरू झाली. "आता संध्याकाळपातुर बंद करायची न्हाय," भाऊ ओरडले, "झोपली की पुन्ना उठायची न्हाय." त्यामुळे अध्यक्षांचं भाषण कोणालाच ऐकू आलं नाही. म्हातारीचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

निखिल जमिनीवर फळी ठेवायचा, फळीवर मोबाईल उताणा ठेवायचा आणि त्यातलं लेव्हलचं ॲप बघून हातवारे करायचा: इकडून काढा, तिकडे मुरूम टाका. भाऊ मान तिरकी करून जमिनीकडे बघायचे, चुकचुकायचे आणि सांगितलं तसं करायचे. मी जवळ जाऊन ओरडलो, "भाऊ, काही चुकतंय का?"

"मला कडुलिंबाकडं उतार दिसतोय," ते म्हणाले. "पर त्ये इंजिनेर हायेत. माझंच डोळं गेलं असत्याल."

मला भाऊंचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दुपार कलली तशी भाऊंना राहवेना. खाली उतरले, फळीवर गोळी ठेवली. गोळी कडुलिंबाकडे धावली. निखिलने त्याच फळीवर मोबाईल ठेवला. ॲपवर स्वच्छ शून्य.

"भाऊ, गोळी जुनी झालीय," निखिल म्हणाला.

भाऊंचा चेहरा उतरला. गोळी खिशात घालून ते म्हातारीकडे बघत राहिले. आता मात्र माझ्यातला पुणेकर गप्प बसेना. मी चष्मा सावरला आणि फळीवरचा मोबाईल बाजूने निरखला.

"अहो प्रमुख, तुमच्या मोबाईलच्या पाठीला कॅमेऱ्याचं आवाळू आहे. तो फळीवर टेकतच नाही! दिवसभर तुम्ही जमीन नाही, ते आवाळू लेव्हलला आणताय."

निखिलने मोबाईल उलटा-सुलटा करून पाहिला आणि कान पकडले. भाऊंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "म्हंजी माझं डोळं बरोबर हुतं?"

"शंभर टक्के."

"मग व्हा बाजूला समदी!" त्यांचा असा अधिकाराचा आवाज मी प्रथमच ऐकला. "निखिलराव, त्यो फोन खिशात. पाण्याची नळी धरा. पाण्याला शाळा लागत न्हाय!"

दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येतंय का ते बघत निखिल नळीचं टोक धरून चारी कोपरे मुकाट्याने फिरला. म्हातारी खोकत, धूर सोडत पुढे-मागे करत राहिली, आणि अंधार पडायच्या आत जागा सपाट झाली. सोमवारी कंत्राटदाराचा माणूस आला, त्याने नळी लावली आणि विचारलं, "नवीन मशीन आणलं होतं का?" भाऊ म्हातारीकडे बोट दाखवून लाजले. पुतण्याने भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. म्हातारी पुन्हा कधी उठली नाही, पण आजही अभ्यासिकेच्या फाटकापाशी रंग लावून उभी आहे.

भाऊ गेल्या वर्षी गेले. तेराव्याला पुतण्याने माझ्या हातावर ती गोळी ठेवली. "काका म्हणाले हुते, सायबांना द्या. माझ्या डोळ्यांवर त्येंनीच इस्वास ठिवला."

गोळी घरी आणली आणि सवयीने फरशीवर ठेवली. ती बाल्कनीकडे गेली. मग अभ्यासिकेत गेलो. पोरं माना खाली घालून वाचत होती. गुडघ्यांची कुरकुर न ऐकता वाकलो आणि दोन बाकांच्या मध्ये गोळी ठेवली. बराच वेळ बघत राहिलो.

ती जागची हलली नाही. माझेच डोळे भरून आले.