टोपडं उसवेना

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास फक्त स्वतःच्या वेंधळेपणावर, आणि तो सहसा खोटा ठरत नाही. शिबिराच्या पहिल्याच रविवारी मी लोकरीची पिशवी एसटीत ठेवून शेजारच्या बाईंची भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊन सावद्याला उतरलो. बारा मुलं-मुली क्रोशा शिकायला बसलेली, आणि सरांच्या हातात वांगी... सुया खिशात होत्या म्हणून बरं. पहिला धडा मळ्यातल्या सुतळीवर झाला.

हो, मी पुरुष असून क्रोशा विणतो. पाय मोडून तीन महिने घरी पडलो होतो तेव्हा आईनं शिकवलं. मंगल, म्हणजे आमच्या सौ., म्हणतात, "लोकांचे नवरे पत्ते कुटतात, आमचे साखळ्या मोजतात."

जागा म्हणजे सावद्याजवळचा शंभर वर्षांहून जुना केळीचा मळा. मालकांनी मोटेची विहीर, दगडी पाट, बैलांचा गोठा, सगळं जपून ठेवलंय. शाळांच्या सहली येतात. त्याच गोठ्यात, स्वच्छ सारवून, रविवारी दुपारी आमचा वर्ग. फुकट शिकवायचं म्हणून मीच हात वर केला होता. मळ्याची देखरेख सत्तरीच्या नानांकडे. ते चहा आणायचे आणि दर वेळी विचारायचे, "मास्तर, आज वांगे नही आनले?"

ज्याला जे हवं ते विणा, असं मी सांगितलं होतं. अकरावीतल्या पूनमनं टोपडं घेतलं. मी म्हटलं, छान, डोकं लहान, काम लवकर. कोणासाठी, हे विचारलंच नाही.

चौथ्या रविवारी टोपडं पुरं झालं. नाना चहा घेऊन आले ते तिच्यापाशी थांबले.

"हे कोनाले करून राह्यली, पोरी?"

"ताईच्या बाळाले."

"झालं का बाळ?"

"नही. सातवा चालू हाये. बीपी वाढलं म्हनून जळगावले दवाखान्यात ठेवलंय."

नानांनी किटली खाली ठेवली. "उसव. आत्ताच उसव."

बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही शिवत-विणत नाहीत, हे आमच्या घरातही पाळतात. मला ठाऊक होतं. फक्त वेळेवर आठवलं नाही. पूनमचा चेहरा उतरला. "ताईचं पहिलं गेलंय, सर," ती हळूच म्हणाली.

"अगं, क्रोशाचं हेच तर बरं असतं," मी म्हणालो. "टोक सोडवून ओढलं की दोन मिनिटांत सगळं मोकळं." टोपडं मांडीवर घेतलं, शेवटची गाठ सोडवली आणि ओढायला लागलो. तेव्हा चार वाजून गेले होते.

धागा येत होता. टाके एकेक करून सुटताना मला दिसत होते, बोटांना कळत होते. मांडीवर लोकरीचा ढीग झाला, मग जमिनीवर. टोपडं मात्र तेवढंच. काठाची गुलाबी ओळसुद्धा जागच्या जागी.

पोरं आधी हसली. मग उठून भोवती जमली. एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढला — त्यात एक टक्कल पडलेला माणूस खुळ्यासारखा धागा ओढतोय, एवढंच दिसतं. टोपडं माझ्याच हाताआड गेलंय.

"कात्रीनं कापू का?" मी नानांना विचारलं.

"कात्री नका लावू, भाऊ." मास्तर म्हणायचं ते विसरले होते.

बोटं दुखायला लागली म्हणून पूनमला दिलं. तिच्या हाती धागा हललाच नाही. नानांच्याही नाही. पुन्हा मी घेतलं... आणि यायला लागला.

पाच वाजले. माझी सव्वापाचची एसटी. बोटाला वळ उठले होते, आणि खरं सांगतो, भीती वाटत होती. एसटी हे चांगलं कारण मिळालं.

"सर, आजून थोडं," पूनम म्हणाली.

"पुढच्या रविवारी बघू, बेटा," म्हणून मी उठलो. तिनं टोपडं ओढणीत गुंडाळलं.

घरी पोचतोय तोच नानांचा फोन. ताई चारनंतर बाळंत झाली होती. मुलगी. थोडा वेळ होती, मग गेली. डॉक्टर म्हणाले, बीपीमुळे, असं होतं. मी तेच धरून चालतो.

मंगलला घेऊन पूनमच्या घरी जाऊन आलो. तिनं पाणी दिलं. टोपड्याचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या ढिगाचे नानांनी सहा गुंडे केलेत, गोठ्याच्या कोनाड्यात आहेत. पूनमनं माझ्याकडून एकच नेला होता, तोही पुरा लागला नव्हता. मी अनेकदा हिशेब लावला. लागत नाही.

नंतर मंगलला धाग्याचं सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, ओढायला कधी घेतलंत, थांबलात कधी. पोर किती वाजता जन्मली आणि किती वाजता गेली, हे तिनं पूनमच्या आईकडून आधीच ऐकलं होतं. या वेळा मी जुळवून पाहिल्या नव्हत्या. तिनं पाहिल्या. मग ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

"धागा तुमच्याच हाती येत होता ना?" ती म्हणाली. "मग एक एसटी सोडायची होती."