रंजन कुठे आहे यात?

हमीदाबाई गेल्याचं शिपायाने वर्गाच्या दारातूनच सांगितलं. मी नववीला समास शिकवत होते. फळ्यावरच्या शब्दाचा विग्रह तसाच राहिला... रत्नागिरीतल्या आमच्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, मी मराठी. बारा वर्षं आमची टेबलं शेजारी होती, आणि सहा आठवडे झाले तरी मला रडू येत नाही, स्वतःची चीडच येते.

शाळेच्या स्मरणिकेसाठी त्यांनी ‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दावर लेख दिला होता. संपादक मी. मथळ्यात मी ‘स्मरणरंजन’ घातलं आणि जागा पुरेना म्हणून एक परिच्छेद गाळला. त्यातच सगळं होतं. नॉस्टॅल्जिया हे मुळात एका आजाराचं नाव. एक ग्रीक शब्द घरी परतण्याचा, दुसरा वेदनेचा; कुणा जुन्या डॉक्टरने ते जोडले, मुलखापासून लांब राहून खंगत चाललेल्या माणसांसाठी. औषध एकच, घरी पाठवणं.

अंक हातात घेऊन त्या माझ्या टेबलापाशी आल्या. “पाध्येबाई, रंजन कुठे आहे यात?”

त्यांचे यजमान इस्माईलभाई तेव्हा कुवेतला होते. जेवण जात नव्हतं, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं, कंपनी सोडत नव्हती. तिकडून आवाज भरलेली कॅसेट यायची, आणि दर खेपेला आवाज आणखी खोल गेलेला असायचा. हे मला ठाऊक होतं... ठाऊक असून मी कात्री लावली. वर, पुढच्या अंकात दुरुस्ती देऊ, असं म्हणाले. स्मरणिकेला कसला आलाय पुढचा अंक!

इस्माईलभाई यंदा कायमचे परतले, आणि अडीच महिन्यांत हमीदाबाई हृदयविकाराने गेल्या. शोकसभेत पाहुणे म्हणाले, बाईंच्या स्मरणरंजनात आपण रमू या. मी उठून बोलायला हवं होतं. बसून राहिले.

गेल्या आठवड्यात हेडमास्तरांनी मला त्यांच्या घरी धाडलं, मुलांच्या निबंधाच्या वह्या आणायला. इस्माईलभाई पडवीत बसले होते, अंगाने पार उतरलेले. म्हणाले, “बाई, घरात बसून घराची याद येते. याला काय म्हणतात, ते तिनं सांगितलं असतं.”

वीस वर्षं मराठी शिकवते आहे मी...

वह्या त्यांच्या शेजारी बाकावर होत्या, अर्ध्या तपासलेल्या, लाल पेन मधल्याच एका वहीत. मी हात पुढे केला. त्यांनी चवडीवर आपला हात ठेवला. मी तशीच परतले. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा सांगितलं, वह्या अजून बाईंकडेच आहेत.