साठ वर्षांचा पत्रा

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझं डेंटिंगचं दुकान आहे. चेपलेले दरवाजे, वाकलेले मडगार्ड, ट्रॅक्टरचे बॉनेट, हेच रोजचं काम. मागच्या थंडीत एके दिवशी सकाळी दुकानासमोर एक लांबलचक ट्रेलर येऊन थांबला. त्यावर ताडपत्रीखाली काहीतरी बुटकं, निमुळतं झाकलेलं होतं. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "मिस्त्री, स्पीडब्रेकरवर गाडी बांधलेला पट्टा तुटला. गाडी पुढं सरकून ट्रेलरच्या खांबाला धडकली. जरा बघा."

ताडपत्री काढली तर आत शर्यतीची मोटार. मी तोवर अशी गाडी फक्त टीव्हीवर पाहिलेली. माझ्या कमरेएवढीही उंच नव्हती, छत नाही, दोन माणसं जेमतेम बसतील. पुढचा डावा मडगार्ड चेपून टायरला टेकला होता, त्यामुळे चाक फिरत नव्हतं. गाडी हैदराबादला जुन्या मोटारींच्या मेळ्याला निघाली होती. चाक फिरल्याशिवाय ती तिथं ट्रेलरवरून उतरणार कशी?

मालकीणबाई मागच्या जीपमधून आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरे केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी चेपलेल्या जागेवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "अॅल्युमिनियमवर काम केलंय का कधी?"

"केलंय मॅडम. बसच्या कारखान्यात नऊ वर्षं होतो. बसचे पत्रे त्याचेच असतात."

"मग करा. दिसायला सुंदर नको, फक्त चाक मोकळं करा," असं सांगून त्या समोरच्या हॉटेलात चहाला गेल्या.

मी हत्यारं मांडत होतो तेव्हा ड्रायव्हर जवळ येऊन हळूच म्हणाला, "सांभाळून हां. साठ वर्षांची गाडी हाय. जगात अशा मोजक्याच राहिल्यात, असं लोक म्हणत्यात."

त्याने हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. हातात ठोकायची लाकडी मोगरी होती, ती एकदम जड वाटायला लागली.

अॅल्युमिनियम थंड असताना ठोकला तर तडकतो. म्हणून आम्ही त्यावर अंगाचा साबण घासतो आणि खालून गॅसची ज्योत फिरवतो. साबण काळा पडला की पत्रा नरम झाला असं समजायचं. मी तसंच केलं. मग बाहेरून वाळूची पिशवी लावली आणि आतून मोगरीनं हलके हलके ठोके दिले. अर्धं काम सुरेख झालं. पत्रा टायरपासून बोटभर सुटला. मग कडेच्या वळणावर एक ठोका दिला आणि बारीकसा आवाज आला. कापड फाटावं तसा.

टीचभर तडा गेला होता.

मी मोगरी खाली ठेवली. हा पत्रा कुणीतरी परदेशात, माझ्या जन्माआधी ठोकून घडवलेला. तो साठ वर्षं टिकला, शर्यती धावला, समुद्र ओलांडून आला, आणि चौसाळ्यात येऊन माझ्या हातून फाटला. नवीन पत्रा लावता येईल, पण तो जुना कुठून आणायचा? ड्रायव्हर जवळ आला, तडा पाहिला आणि जीपजवळ जाऊन उभा राहिला. वर काहीतरी भरून रंग मारून द्यावा, हैदराबादपर्यंत कुणाला कळणार नाही, असाही विचार मनात येऊन गेला. खोटं कशाला सांगू?

पण मी रस्ता ओलांडून हॉटेलात गेलो. बाईंसमोर उभा राहिलो.

"मॅडम, माझ्या हातून नुकसान झालं. पत्रा तडकला."

त्या उठल्या. दुकानात येऊन चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिल्या.

"पुढं पसरेल का हा?"

"टोकाला भोक पाडलं तर थांबंल. मागून पट्टी लावून रिबीटचे खिळे मारतो. पण मॅडम, साठ वर्षांचा पत्रा होता. लई वाईट वाटायलंय."

"साठ वर्षांचा? कोण म्हणालं?"

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

बाई हसायला लागल्या. "अहो मिस्त्री, ही गाडी सहा वर्षांची आहे!"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. ही मोटार बनवणाऱ्या कंपनीनं साठेक वर्षांपूर्वी शर्यतीसाठी अशा थोड्याच मोटारी बांधल्या. नकाशे कपाटात पडून राहिले. इतक्या वर्षांनी त्याच कंपनीनं ते नकाशे बाहेर काढले आणि तशाच पद्धतीनं, हातानं पत्रा ठोकून, पुन्हा काही गाड्या बांधल्या. त्यातली ही एक.

मी तिथंच पडलेल्या एका जुन्या टायरवर बसलो. ड्रायव्हरनं पाणी आणून दिलं. "मला काय माहीत? दिसायला तर जुनीच हाय," तो म्हणाला.

पाणी पिऊन झाल्यावर मी बाईंना विचारलं, "मग ही खरी म्हणायची की डुप्लिकेट?"

"मेळ्यात यावरून भांडणं होतात," त्या म्हणाल्या. "जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे ते हिला नक्कल म्हणतात. मला विचारलं तर मी सरळ सांगते, सहा वर्षांची आहे. वय लपवलं तर ती खोटी. नाही लपवलं, तर त्याच घराण्यातली नवी गाडी."

मी तड्याच्या टोकाला भोक पाडलं, मागून पट्टी लावून रिबीट मारले. चाक मोकळं फिरलं. बाईंनी तो भाग रंगवू दिला नाही. "राहू दे. कुणी विचारलं तर चौसाळ्याचं नाव सांगेन," म्हणाल्या. ट्रेलर निघून गेला.

दुपारी जेवायला बसलो. वय लपवलं तर ती खोटी, हे बाईंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात उमापूरच्या एका शेतकऱ्याला मी ट्रॅक्टरचं बॉनेट दिलं होतं. मीच पत्रा कापून, ठोकून बनवलेलं. वर कंपनीचं स्टिकर चिकटवलं आणि त्यानं विचारल्यावर "ओरिजिनल हाय" म्हणालो. तोवर त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं. सगळेच करतात.

ताट बाजूला सरकवून मी फोन लावला.

"दादा, मी चौसाळ्याचा मिस्त्री बोलतोय. ते बॉनेट कंपनीचं न्हाई. मी बनवलेलं हाय. स्टिकर बी मीच लावलं. तुमाला परत द्यायचं असंल तर घेऊन या."

पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता. मग त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

"आवो, ते तर मला पहिल्याच आठवड्यात कळलंय. कंपनीचं बॉनेट उघडताना हात कापायचं, ह्याच्या कडा तुमी घासून गोल केल्यात. कंपनी कावून एवढी मेहनत घ्यायलीय?"

"मग बोलले कावून न्हाई?"

"चांगलं हाय की बॉनेट. परत कशाला देऊ?" तो म्हणाला. "स्टिकर तेवढं पोरीनं काढून वहीला चिकटवलं. आन् ऐका, मागचा मडगार्ड सडायलाय. तो बी तुमीच बनवून द्या."

मी ताट परत पुढं ओढलं. भाकरी वाळली होती, तरी सगळी खाल्ली.