पुस्तकात एकच मेणबत्ती आहे

शाळेत सगळे त्यांना मोजूनबाई म्हणत, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या करणीने मिळवलं होतं. "बाई, पाणी खूप चढलं," असं कुणी म्हणालं की त्या मोजपट्टी पुढे करत. "खूप म्हणजे किती? मोजून सांग." घरी नवऱ्याने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी हाच प्रश्न. तो बिचारा शेजाऱ्यांना सांगे, "आमच्याकडे तक्रारसुद्धा चमच्याने मोजून करावी लागते."

त्या नोकरीला लागल्या तेव्हा विज्ञानाचे प्रयोग म्हणजे निव्वळ नकलेचा कारभार होता. मुलं थोरल्या भावंडांच्या वह्या आणून निरीक्षणं आदल्या दिवशीच उतरवून काढत आणि तासाला गप्पा छाटत. पहिल्याच वर्षी बियांच्या प्रयोगात एकोणतीस जणांच्या मुळांची लांबी हुबेहूब सारखी निघाली, आणि बिया तर अजून बाईंच्या कपाटात होत्या! बाईंना इतकं हसू आलं की रागवायचं राहूनच गेलं. पण दुसऱ्या दिवसापासून खोडरबर वर्गाबाहेर गेला. आधी अंदाज लिहायचा, तोही पेनाने. मग प्रयोग, आणि मग दिसेल ते तसंच्या तसं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. अंदाज चुकला म्हणून कुणी फिदीफिदी हसलं तर पुढचा अंदाज त्याने फळ्यावर येऊन लिहायचा.

अशी अठरा वर्षं गेली. मग नवे मुख्याध्यापक आले. माणूस वाईट नव्हता, पण निकालाच्या टक्क्यांपलीकडे त्यांना काही दिसत नसे. "बाई, परीक्षेत पोरं पुस्तकातलंच लिहिणार ना? मग हे काचा घासत बसणं कशाला?" प्रयोगाची खोली त्यांना सराववर्गासाठी हवी होती. बाई हटून बसल्या. शेवटी मुख्याध्यापकांनीच तोड काढली. "तपासणीला साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर प्रयोग चोख झाला तर खोली तुमची. नाहीतर सोमवारपासून तिथे बाक लागतील."

बाईंनी सगळ्यात बिनधोक प्रयोग निवडला. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेची बरणी पालथी घालायची. ज्योत विझते, पाणी बरणीत चढतं. पुस्तक म्हणतं, आतला प्राणवायू जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. अठरा वर्षांत हा प्रयोग कधी दगा देऊन गेला नव्हता.

साहेब आले. जाड मिशा, हातात तपासणीची वही. मेणबत्ती विझली, पाणी चढलं, मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला.

"पाणी का चढलं?" साहेबांनी सहज विचारलं, आणि नेमकं बोट दाखवलं ते बसड्रायव्हरच्या मुलीकडे. ही पोरगी तोंडाने कमी आणि डोळ्यांनी जास्त काम करणारी.

"प्राणवायू जळाला म्हणून नाही, साहेब," ती म्हणाली. "मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी जागचं हललंसुद्धा नाही. विझल्यावर चढलं. हवा तापून फुगते, बरणीच्या कडेने बुडबुडे निघून जातात. मग उरलेली गार होऊन आकसते. मला तरी असं वाटतं."

"पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तकात एकच मेणबत्ती आहे. तीन लावून पाहायला हव्यात."

मुख्याध्यापकांनी बाईंकडे असं पाहिलं, की नजरेनेच बाक आत आणून ठेवले. "खाली बस," एवढं बाईंनी पोरीला म्हटलं असतं तरी सगळं निभावलं असतं. पण बाईंच्या डोक्यात आता खोली नव्हती. पोरीचं बोलणं कानावर पडताक्षणी त्यांना कळलं होतं, की आपण दर वर्षी चढलेलं पाणी मोजलं, पण ते केव्हा चढतं हे एकदाही पाहिलं नाही. जगाला मोजायला लावणारी बाई ती, आणि स्वतः मात्र पुस्तकावर विसंबून राहिली. लाज वाटली, भयंकर वाटली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं मी पुस्तकातलंच शिकवलं. माझं चुकलं असेल. आत्ता तुमच्यासमोर पाहू. पण या खोलीत अंदाज आधी लिहावा लागतो. तुम्हालाही आणि मोठ्या सरांनाही."

साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि पेन काढलं.

"बरणी तीच, पाणी तेवढंच," पोरगी फळ्याजवळ येऊन सांगू लागली. "प्राणवायूमुळे चढत असेल तर तीन मेणबत्त्या लावूनही तेवढंच चढेल, कारण बरणीतली हवा तेवढीच. हवा तापल्यामुळे असेल तर ती जास्त तापेल आणि पाणी जास्त चढेल." साहेबांनी आणि मुख्याध्यापकांनी आपापला अंदाज कागदावर लिहून घडी घातली.

एका मेणबत्तीला पाणी दोन सेंटिमीटर चढलं. मग तीन लावल्या. बरणी ठेवताना कडेने बुडबुड्यांची रांगच निघाली. ज्योती एकामागून एक विझल्या आणि पाणी जे उसळलं ते चार सेंटिमीटरच्या खुणेपाशी जाऊन थांबलं.

"पुन्हा करा," साहेब म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि काडी स्वतः ओढली. चार सेंटिमीटर, वर जरासं! वर्गाने बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं, आणि बाईंनी, आयुष्यात पहिल्यांदाच, गप्प बसा म्हटलं नाही.

साहेबांनी आपला कागद उलगडला. त्यावर लिहिलं होतं, 'सारखंच चढेल.' मुख्याध्यापकांचंही तेच. हसलं कुणीच नाही. तपासणीच्या वहीत शेरा पडला: 'प्रयोगाचा तास कमी करू नये. इथे आज मी चुकलो आणि मला ते दाखवलं गेलं.'

खोली वाचली. पण बाईंना चैन पडेना. अठरा वर्षांत शिकवलेली सगळी मुलं तेच चुकीचं उत्तर घेऊन जगात फिरत होती. मग भाजीवाली, बँकेतला कारकून, दवाखान्यातली नर्स, रस्त्यात जो जुना विद्यार्थी भेटेल त्याला त्या अडवू लागल्या. "मी तुला एक गोष्ट चुकीची शिकवली. शनिवारी ये, दाखवते."

शनिवारी बाई तीन मेणबत्त्या घेऊन आल्या तर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. डोक्याचे केस विरळ झालेली माणसं लहान बाकांत गुडघे मुडपून बसली होती, कुणाकुणाच्या कडेवर पोरं होती आणि उरलेले दारात दाटले होते. घामाघूम झालेले मुख्याध्यापक शेजारच्या वर्गातून बाक ओढून आणत होते. "बाई," ते दारातूनच ओरडले, "ही खोली लहान पडते हो!"

"किती लहान?" बाईंनी विचारलं. "मोजून सांगा, सर."