समुद्राच्या तळाचं गाठोडं

आता पुन्हा खोल पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अल्तमशला आधी हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. बाहेर बाकावर त्याचा बुडीतला जोडीदार सयाजी बसला होता. बातमी ऐकून सयाजीचेच डोळे भरून आले. त्याच्यासमोर हायसं वाटल्याचं कसं बोलणार? अल्तमशनं चेहरा पाडला आणि तो पाडलेला चेहरा घेऊनच तो सोलापूरला आला.

शुक्रवार पेठेत त्याला सगळे 'समुद्रवाला' म्हणतात. वडील नबीसाब यांची उमर ट्रक चालवण्यात गेली. अल्तमश पोहायला शिकला तो सांगोल्याकडं, मामाच्या डाळिंबाच्या बागेतल्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. डबा सुटल्यावर विहिरीत पडलेल्या कळश्या बुडी मारून काढायचा त्याला नादच लागला. पुढं तो मुंबईला गेला, बंदरात जहाजांचे तळ घासले, रीतसर शिकून खोल बुड्या मारायला लागला आणि शेवटी एका संशोधन संस्थेत स्थिरावला. ही संस्था सरकारी परवानगीनं कोकण किनाऱ्यासमोर बुडालेली जुनी जहाजं शोधते आणि त्यांतल्या वस्तू जपून वर आणते.

त्याची शेवटची बुडी अशाच एका लाकडी जहाजावरची. पाणी पन्नास मीटरपेक्षा जास्त खोल. तितक्या खाली साधी हवा श्वासात घेतली तर माणूस झिंगतो, म्हणून टाक्यांत हेलियम मिसळलेला वायू भरतात. हा वायू अंगात मुरतो. तो हळूहळूच बाहेर पडला पाहिजे, म्हणून वर येताना ठरलेल्या खोलीवर थांबत थांबत यायचं. घाई केली तर अंगात बुडबुडे होतात.

जहाजाच्या पोटात, एका कोसळलेल्या तुळईखाली, अल्तमशला गाळात रुतलेलं एक काळं गाठोडं दिसलं. उशीएवढं. बोट लावलं तर मऊ लागलं. सयाजीनं दिवा धरला. अल्तमशनं गाठोड्याखाली हळूच पत्रा सरकवला, पत्र्यासकट ते डब्यात ठेवलं आणि हवा भरलेल्या पिशवीला बांधून डबा वर पाठवून दिला. काम चोख झालं होतं. दोघं ठरल्याप्रमाणे वर येऊ लागले.

अर्ध्या वाटेवरच्या थांब्याला अल्तमशभोवतीचा समुद्र एकाएकी गरगर फिरायला लागला. वर कुठं, खाली कुठं, कळेना. त्याला उलटी झाली, ती तोंडातल्या नळीतूनच बाहेर गेली. नळी सुटली असती तर तो तिथंच संपला असता. सयाजीनं एका हातानं त्याच्या छातीवरचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हातानं नळी त्याच्या ओठांवर दाबून धरली. सगळे थांबे पुरे होईपर्यंत त्यानं दोन्ही हात हलवले नाहीत.

आतल्या कानात बुडबुडा गेला होता. कुणाची चूक नव्हती. सगळे नियम पाळूनही कधी कधी असं होतं. उपचार झाले, जीव वाचला, पण डाव्या कानाचं ऐकू येणं गेलं आणि तोल बिघडला.

सोलापुरात तो भिंतींना धरून चालायचा. गल्लीच्या तोंडाशी नव्यानं दुकान घातलेल्या एकानं त्याला तसं पाहिलं आणि "भरदुपारीच घेतली वाटतं" असं तो बोलून गेला. मागून अल्तमशची आई हुसेनबी भाजी घेऊन येत होती.

"माझा पोरगा समुद्रातनं आलाय, गुत्त्यातनं न्हाई!" ती म्हणाली. दुकानदारानं कान पकडले, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाबाहेर अल्तमशसाठी एक खुर्ची पडू लागली.

महिन्याभरानं सयाजीचा फोन आला. "अरे, तुझं गाठोडं तुझ्याच गावाला येतंय."

सोलापुरात सरोजिनी मॅडम राहतात. वस्त्ररसायन शिकवत त्या निवृत्त झाल्या आणि घराच्या वरच्या मजल्यावर जुन्या कापडांवर काम करू लागल्या. गाठोड्यात कापड असावं असं संस्थेला वाटत होतं, म्हणून ते त्यांच्याकडं पाठवलं होतं. मदतीला माणूस हवा होता, तो अल्तमश.

काम ऐकायला सोपं होतं. गाठोडं टबात पाण्याखाली ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं, म्हणजे आत मुरलेलं मीठ थोडं थोडं सुटतं.

"समुद्र बाहेर गेला पाहिजे, पण ओल जाता कामा नये," मॅडम म्हणाल्या. "वाळलं तर आतलं मीठ फुलतं आणि धागे तुटतात. मग भुगा."

एका दुपारी टबाशी बसल्या बसल्या अल्तमशनं विचारलं, "मॅडम, ह्यात काहीच नसलं तर?"

"तर गाळ निघेल."

"ह्याच्यापायी माझा कान गेला."

मॅडमनी हातातलं काम बाजूला ठेवलं. तेवढ्यानं त्याला बोलावंसं वाटलं. "खरं सांगू? दोन वर्षं झाली, बोटीवरून पाण्यात उडी टाकताना भीती वाटायची. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले बंद कर, तर मला बरं वाटलं. सगळे हळहळतात आणि मला आतून बरं वाटतंय."

"मग बरं वाटू दे की," मॅडम म्हणाल्या. "त्यात कुणाचं काय जातंय?"

इतकं साधं ते असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना त्यानं चेहरा पाडला नाही.

पण मे महिन्यात घात झाला. शहराला पाणी आणणारी मोठी जलवाहिनी फुटली. एरवीही नळाला चार-पाच दिवसांनीच पाणी. आता ते कधी येईल सांगता येईना. मॅडमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र कोरडं पडलं. टबातलं पाणी उन्हाळ्यानं गढूळ झालं, त्याला वास येऊ लागला. बोअरचं पाणी इतकं जड की त्यानं धाग्यांवर डाग पडले असते. टँकरवालेही बोअरचंच आणत.

"आज पाणी बदललं नाही तर कुजेल," मॅडम म्हणाल्या. "वाफेचं पाणी मिळालं तरी चालेल, डिस्टिल्ड."

अल्तमशनं वडिलांना फोन लावला. "अब्बा, ट्रकच्या बॅटरीत जे पाणी घालतात, ते कुठं मिळंल? लई लागंल."

"किती लई?"

"टबभर."

नबीसाबनी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी ओळखीची गॅरेजं पालथी घातली, बॅटरीवाल्या मल्लप्पाचं गोदाम उघडायला लावलं आणि संध्याकाळी तीनचाकी टेम्पो कॅनांनी भरून ते मॅडमच्या दारात उतरले. मॅडमनी प्रत्येक कॅनमधल्या पाण्यात क्षार तपासायची कांडी बुडवली. एक कॅन बाजूला काढला. बाकी सगळे स्वच्छ निघाले. जिना चढून नबीसाबनी स्वतः टबात पाणी ओतलं आणि वाकून पाहिलं.

"हे? ह्याच्यासाठी खाली गेलतास?"

"व्हय."

नबीसाबनी नुसती मान हलवली. पण निघताना त्यांनी टबावरचं झाकण नीट बसलंय का, ते दोनदा पाहिलं.

जूनमध्ये पाण्यातलं मीठ जवळजवळ संपलं आणि मॅडमनी गाठोडं उघडायचं ठरवलं. पाण्याखालीच, मऊ कुंचल्यानं. पहिला पूर्ण तास निघाला तो गाळच. मग गाळ सरकून एक घडी दिसली. घडीखाली आणखी घडी. जाडंभरडं काळं विणकाम, आणि त्याची सरळ, अख्खी किनार.

मॅडमनी सुटलेला एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. "लोकर. म्हणून टिकलं. सुती असतं तर समुद्रानं कधीच खाल्लं असतं."

ते अंगावर घ्यायचं घोंगडं होतं. कुठल्या गावचं, कुणाचं, ते सांगणं अवघड. पण मधोमध ते एकदा फाटलं होतं आणि कुणीतरी वेगळ्या, जाड दोऱ्यानं घट्ट रफू केलं होतं. जहाजावर रात्री गारठणारा कुणी खलाशी असेल. सोनं नाही, नाणी नाहीत. अल्तमश जमिनीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. गाळासाठी गेला नव्हता त्याचा कान.

"जा, गच्चीवर जाऊन ये," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही चष्मा ओला झाला होता.

गच्चीवरून त्यानं सयाजीला फोन केला. सयाजी इतका मोठ्यानं ओरडला की चांगल्या, उजव्या कानापासून फोन लांब धरावा लागला. मग सयाजी म्हणाला, संस्थेला बोटीवर राहून बुड्यांची व्यवस्था बघणारा माणूस हवाय, सगळे तुझंच नाव घेतायत.

"वरच राहायचं ना?"

"वरच. डॉक्टरांनाही विचारलंय. तोल आता बराच सावरलाय, चालेल म्हणाले."

घरी हुसेनबी भाकरी थापत होती. अल्तमशनं तिला सगळं सांगितलं. तिनंही तेच विचारलं, वरच ना, आणि दोनदा विचारलं. मग भाकरी उलटत ती म्हणाली, "मग जा की. आनि खाली जानाऱ्या पोरांना सांग, सावकाश वर या म्हनावं."

पावसाळा संपून समुद्र शांत झाला की निघायचं ठरलं.