वीज नसताना शिकवलेलं काम

धाकट्या सुनेचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला तेव्हा मी मागांच्या शेडच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचा हंडा उतरवत होते. मला दिसलं. मी ओरडले. पण माग चालू असताना तिथे आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तिला काय जाणार? पदरामागे तिचा हात ओढला गेला.

थोरला मुलगा तिच्या मागेच उभा होता. तो आत आला म्हणूनच तिने कमरेला खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला होता. आमच्या खानदेशातल्या घरांत जेठ, म्हणजे थोरला दीर, धाकट्या सुनेशी बोलत नाही, तिला हात तर लावतच नाही. सुरतेत, गोडादऱ्याला येऊन वर्षं झाली तरी हे सुटलं नव्हतं. पदर लोंबताना त्याने माझ्याआधी पाहिला, पण सांगायला मला शोधायला लागला.

त्या मशीनवर मागासाठी धाग्याच्या बॉबिन भरायला तिला त्यानेच शिकवलं होतं, माझ्या तोंडून. नव्वदनंतरची ती वर्षं. आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असायची. त्या दिवशी शेडमध्ये शांतता. ती बंद मशीनवर नुसते हात चालवायची, नसलेला धागा जोडायची. तो पाठमोरा उभा राहून म्हणायचा, "माय, तिले सांग, पदर खोस." मी सांगायचे, ती खोचायची. शेजारीण दारातून हसायची, सून एक आणि मास्तर दोन, म्हणायची.

सून लवकर शिकली. चुकली की तिला लगेच सांगता यायचं, आणि बंद मशीन काही करायचं नाही. ती तयार झाली असं आम्ही धरून चाललो. मशीन चालू असताना सांगणं तिच्यापर्यंत कसं पोचणार, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्याने धावत जाऊन मेन स्विच पाडला. सगळे माग थांबले. तेव्हा तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"हात हलवू नको, पोरी."

दवाखान्यात आम्ही मायलेक बाकावर बसून राहिलो. आत काय चाललंय ते कोणी सांगेना, आणि आम्हाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हात कोपराखाली कापला.

सून जगली.